एकच काडतूस, आणि दोन देशांतली रोही

शेजारच्या सराफाच्या काट्यावर ती गोळी ११ ग्रॅम भरली. नळीतून सुटताना ती २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची होती. पुढचं शिसं पसरून मागे वळलेलं, तांब्याचं कवच फाटून बाहेर आलेलं, रुंदी मूळच्या जवळपास दीडपट. सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाचं शिसं उघडं ठेवलेल्या गोळीनं जनावराच्या अंगात जे करायचं असतं, ते तिनं नीट केलं होतं. तरीही जनावर, एक रोही म्हणजे निलगाय, रात्रभर तडफडून मेलं. ते कशामुळे, हे मला अजून पूर्ण सुटलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

गोळी वनपालांनी पंचनाम्याच्या कागदांसोबत पुडीत आणली होती. सोबत शिंदखेडा तालुक्यातले अप्पा, त्यांची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथं इंचात) रायफल, आणि टेक्सासहून सुट्टीवर आलेला त्यांचा पुतण्या. धुळ्यात बंदुका विकणं आणि दुरुस्त करणं हे आमचं घरचं काम. परवाने, नूतनीकरण, गंजलेल्या नळ्या, तुटलेले दस्ते यांत दिवस जातो. जनावराच्या पोटातून काढलेली गोळी, ती सोडणारी रायफल आणि ती चालवणारा माणूस, तिन्ही एकाच वेळी समोर येण्याचा योग मात्र क्वचितच.

बाहेरच्यांना बहुधा ठाऊक नसतं म्हणून सांगतो. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. पिकांची नासाडी करणारी रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी महाराष्ट्रात पारधीची परवानगी मिळते, २०१५ पासून ती वनाधिकाऱ्यांच्या पातळीवर मिळू लागली. मेलेलं जनावर वनखात्याच्या ताब्यात जातं, मांस कोणी नेऊ शकत नाही. हे काम हौसेचं नाही. हरभरा घाट्यावर आला की रोहींचा कळप एका रात्रीत जे करतो, ते पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

अप्पांची तक्रार सरळ होती. "गोळी लागनी, पन जनावर जागेवर पडनं नही. सकायले दुसरा वावरमा सापडनं." म्हणून त्यांना याहून मोठी रायफल हवी होती, डुक्कर आणि रोही दोघांना चालेल अशी एकच. पुतण्याचा प्रश्नही तोच, फक्त यादी लांब. टेक्सासात पांढऱ्या शेपटीचं हरीण, मोकाट डुकरं, दरवर्षी कोलोरॅडोत एल्क हे मोठं हरीण, आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाला चक्क रोही. हो, आपलीच निलगाय. १९२०-३० च्या दशकांत किंग रँच या तिथल्या मोठ्या गुरांच्या रानानं ती तिथं सोडली आणि ती वाढली. तिथं तिला बाहेरचं जनावर मानतात, तिच्या शिकारीला हंगामाचं बंधन नाही. त्यामुळे एकाच जनावरावर काका तापीकाठी आणि पुतण्या मेक्सिकोच्या सीमेजवळ विचार करत होते. पुतण्याचं उत्तर आधीच ठरलं होतं: .३०० विंचेस्टर मॅग्नम, जास्त दारूचं वेगवान काडतूस. "काका, रोही लय चिवट असते, तिकडं सगळे तेच वापरतात."

रोही चिवट असते हे खरं. मोठा नर अडीचशे किलोच्या आसपास जातो, मान आणि खांद्यावरची कातडी जाड. गोळीचं भोक त्या कातडीत आवळतं, रक्त बाहेर फारसं पडत नाही, माग लागत नाही. म्हणून रोहीसाठी गोळी आरपार जाणं महत्त्वाचं. पलीकडचं भोक मोठं असतं आणि रक्ताचा माग तिथूनच पडतो. डुकराची गोष्ट वेगळी. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट गाठाळ थर असतो, त्यावर वाळलेला चिखल. हलकी, पातळ कवचाची गोळी तिथंच फुटते. १९४० च्या दशकात जॉन नॉस्लर यांची गोळी मूस या अवाढव्य हरणाच्या चिखलानं माखलेल्या अंगावर अशीच निकामी ठरली, म्हणून त्यांनी मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुगतो, मागचा शाबूत राहून आत जातो. ‘पार्टिशन’ म्हणून ती आजही मिळते. काडतुसावर वाद घालणारे लोक गोळीवर बोलतच नाहीत याचा मला फार राग येतो. जनावराला काडतूस लागत नाही, गोळी लागते.

आता आपल्याकडची अडचण. इथं बोअर आवडीनं नाही, कायद्यानं निवडावा लागतो. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं ज्या रायफलीत बसतात आणि उडतात, ती प्रतिबंधित बोअरची. .३०८ विंचेस्टर हे जगातलं सर्वांत सोपं शिकारी काडतूस असेल, पण त्याच्या रायफलीच्या घरात, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, ७.६२ बसतं, म्हणून ते सामान्य परवान्यावर नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला सैन्यासाठी ७.६२ ची काडतुसं बनतात, पण खान्देशातल्या शेतकऱ्याला त्यातलं एकही विकत घेता येत नाही. .३०-०६ या अमेरिकी काडतुसात गोळी त्याच व्यासाची असते, पण त्याची पितळी नळी ६३ मिलिमीटर लांब, ७.६२ ची ५१. लष्करी काडतूस त्यात चालत नाही, म्हणून ते सामान्य परवान्यात बसतं. इंग्रजी अमदानीतल्या .२७५ आणि .३७५ काही घरांत अजून आहेत, पण त्यांची काडतुसं मिळवताना माणूस थकतो. उरतात .३१५ आणि .३०-०६. दोन्ही रायफली पश्चिम बंगालातल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनतात.

.३१५ म्हणजे मूळचं ऑस्ट्रियाचं ८×५० मानलिशर. गोळी जड, वेग सेकंदाला साधारण २००० फुटांच्या घरात. यंत्रणा इंग्रजी सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या धर्तीची, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा आहे आणि तिथंच निम्मे लोक अडकतात. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. मागे राहिली, की बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) पुढे ढकलताना वरची कडा खालच्यात अडकते आणि ऐन वेळी सगळं जाम. दुकानात आलेल्या "बिघडलेल्या" .३१५ पैकी कितीतरी रायफलींना एवढंच झालेलं असतं. अप्पांची रायफल त्यातली नव्हती. नळी स्वच्छ, चर शाबूत, बोल्टची पकड घट्ट. नेम धरायची पुढची माशी मात्र किंचित डावीकडे सरकलेली होती; ती मी खुणेवर आणली. त्यानं शंभर यार्डांवर दोन-तीन बोटांचा फरक पडला असेल, पण तेवढ्यानं खांद्याची गोळी पोटात जात नाही.

गोळी पोटातच गेली होती. पंचनाम्यात लिहिलं होतं: बरगड्यांच्या मागून प्रवेश, गोळी पोटातल्या चाऱ्यात. हे फार बोलकं होतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं भरलेलं पोट म्हणजे दाबून भरलेला ओला चारा, त्यात कोणतीही फुगलेली गोळी अडते. आरपार गेली नाही म्हणून अप्पा गोळीला दोष देत होते. पण ती जिथं शिरली, तिथून आरपार गेली असती तरी जनावर लगेच पडलं नसतं.

मग मी कागद घेतला. अप्पा म्हणाले शंभर पावलं. वनपालांनी टेप लावला होता, तो दोनशे यार्डांच्या जवळ निघाला. उघड्या हरभऱ्यात संध्याकाळच्या उजेडात अंतर नेहमी कमी भासतं, हे मी प्रत्येक परवानाधारकाला सांगतो आणि जवळपास कोणीच ऐकत नाही. .३१५ ची नजर शंभर यार्डांवर बसवली, म्हणजे तिथं नेम आणि गोळी एकाच जागी पडेल अशी जुळवली, तर दोनशेवर गोळी वीतभर खाली जाते. अप्पांनी ते अंदाजानं वर धरून भरून काढलं होतं, कारण उंचीत गोळी फार चुकलेली नव्हती. चुकली ती मागे. आणि रोही उभं नव्हतं, चालत होतं.

दोनशे यार्ड जायला .३१५ च्या गोळीला सेकंदाचा साधारण एक तृतीयांश लागतो. संथ चालणारं रोही तेवढ्यात चाळीस ते पन्नास सेंटिमीटर पुढे सरकतं. खांद्यामागे धरलेली गोळी तेवढी मागे लागली, की ती बरगड्या संपतात तिथं जाते, पंचनाम्यात लिहिलंय तिथं. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी सुटते. तिला तेच अंतर जायला पाव सेकंद पुरतो. जनावर तीस-पस्तीस सेंटिमीटर सरकलं असतं. म्हणजे काडतूस बदलून चार-सहा बोटं मिळाली असती. त्या चार-सहा बोटांत गोळी यकृताला लागली असती की पोटालाच, यावरच माझं मन अडकलेलं आहे. यकृताला लागली असती तर जनावर फार लांब गेलं नसतं. दोन्ही शक्यता कागदावर खऱ्या दिसतात.

पुतण्यानं लगेच विचारलं, मग मॅग्नम घेतली तर? मी त्याला तीनशे यार्डांचा हिशेब दाखवला. दोनशे यार्डांवर बसवलेली .३०-०६, १८० ग्रेन, तीनशेला साडेआठ इंच खाली जाते. .३०० मॅग्नम त्याच वजनाची गोळी दीड-दोन इंच कमी पाडते. त्या दीड-दोन इंचांसाठी खांद्याला बसणारा धक्का जवळपास एक तृतीयांशानं वाढतो, नळी लांब लागते, काडतूस महाग पडतं. धक्क्याला घाबरलेला माणूस घोडा दाबण्याआधी डोळे मिटतो आणि गोळी फूटभर चुकवतो. तो फूट कोणतंही मॅग्नम भरून काढत नाही.

.३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकी लष्कराचं काडतूस. ११० पासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या त्यात मिळतात, म्हणून लोक त्याला सर्वांसाठी एक म्हणतात, आणि तिथंच फसतात. हरणासाठी १५०, डुकरासाठी १६५, एल्कसाठी १८० असं बदलत राहिलं, की प्रत्येक गोळी शंभर यार्डांवर वेगळ्या जागी लागते, दर वेळी दुर्बीण पुन्हा बसवावी लागते. एक काडतूस निवडायचं असेल तर एक गोळीही निवडा. माझा सल्ला १८० ग्रेन, कवच शिशाला जोडलेलं किंवा पार्टिशन पद्धतीची, दोनशे यार्डांवर बसवलेली. हरणाचं थोडं मांस जास्त खराब होईल, चालतं. रोही आणि एल्कमध्ये तीच गोळी आरपार जाण्याची शक्यता चांगली. कोलोरॅडोत एल्कसाठी कायद्यानं किमान ८५ ग्रेनची फुगणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते; .३०-०६ त्याच्या दुपटीहून पुढे असते. १९२५ चं .२७० विंचेस्टर काडतूस हलक्या खांद्याला उत्तम, पण रोहीसाठी मला जड गोळी हवी. ६.५ क्रीडमूर हे काडतूस धक्क्याला मऊ आणि अचूक, हरणाला भरपूर. मोठ्या नर रोहीच्या खांद्यावर मात्र मी त्याच्यावर विसंबणार नाही. निव्वळ तांब्याच्या गोळ्या खोल जातात, पण त्यांना उघडायला वेग लागतो. .३१५ च्या दोनशे यार्डांवरच्या उरल्यासुरल्या वेगात तसली गोळी न फुगताच जाण्याची भीती असते. त्या वेगाला जुनं मऊ शिसंच बरं.

पुतण्याचा प्रश्न सुटला, कारण त्याच्याकडे दुकानभर काडतुसं आहेत आणि सरावाला मैदान आहे. अप्पांकडे दोन्ही नाही. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली, जवळपास गोळीबाराची सोय नाही, त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांची पहिली गोळी कागदावर न सुटता जनावरावरच सुटते. आपण माणसाला रायफलीचा परवाना देतो, जनावर मारायची परवानगी देतो, आणि मधल्या सरावाची सोय कुठंच करत नाही. मला ही व्यवस्था अमान्य आहे. तिची किंमत जनावर मोजतं.

अप्पांना मी नवी रायफल विकली नाही. त्यांच्या .३१५ ची नजर शंभर यार्डांवर ठेवली आणि जनावराची आकृती काढून दाखवली. रोहीचं हृदय छातीत खूप खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. नेम पुढच्या पायाच्या रेषेवर, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. डुकराचं त्याहून पुढे आणि खाली. जनावर तिरकं पाठमोरं असेल, तर पलीकडच्या खांद्यातून गोळी निघेल असा नेम धरायचा. जनावर आडवं आणि उभं, अंतर शंभरच्या आत, बांधावर किंवा काठीवर रायफल टेकवलेली. यातलं एक जरी नसेल, तर त्या संध्याकाळी हरभरा गेला तरी चालेल. गोळी लागल्यावर जनावर पळालं, तर लगेच मागे धावायचं नाही. अर्धा तास थांबून, वनरक्षकाला घेऊन, शेवटच्या दिसलेल्या जागेपासून माग काढायचा. घाबरवलं नाही तर जखमी जनावर बहुधा जवळच बसतं.

वनपालांनी विचारलं, पुढच्या परवानगीच्या शिफारशीत अंतर किती लिहू? मी म्हणालो, शंभर यार्ड, आणि उभं जनावर. त्यांनी ते शेरा म्हणून लिहिलं, कारण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. अप्पांनी .३०-०६ साठी परवान्यात बोअर बदलून मिळावा म्हणून अर्ज करायचं ठरवलं आहे. तो मंजूर झाला, तरी दुर्बीण बसवण्याआधी त्यांना कागदावर पंधरा-वीस गोळ्या तरी झाडायला मिळतील अशी जागा शोधणं बाकी आहे.