पी०३५२ आणि २१ वॉटचा दिवा

पेरणीच्या दिवसांत घाटंजीहून गावाकडे परतताना आमच्या पेट्रोल गाडीने चढावर एकाएकी दम टाकला. इंजिन मिसिंग मारू लागले, थरथर स्टिअरिंगपर्यंत जाणवू लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. हा दिवा स्थिर पेटून राहिला, तर बहुतेक वेळा गाडी सावकाश घरापर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल, तर मात्र एखाद्या सिलिंडरमधील न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तेथे जळत असते आणि तो महागडा भाग अतिउष्णतेने निकामी होऊ शकतो. म्हणून इंजिन बंद केले आणि गावातल्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली.

भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही, गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडच्या रूपात नोंदवण्याची, व्यवस्था लागू झाली. आमची गाडी त्यानंतरची असल्याने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात मोबाईलशी जोडता येणारा साधा स्कॅनर लावणे शक्य होते. त्याने दोन कोड दाखवले : पी०३०२ आणि पी०३५२. पहिल्याचा अर्थ दोन क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही, एवढाच. दुसरा अधिक नेमका होता. त्यातील ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसिंग, आणि ५२ म्हणजे ‘बी’ या इग्निशन कॉइलचे, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाचे, सर्किट. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘बी’ म्हणजे दोन क्रमांकाचा सिलिंडर असे आमच्या गाडीत असले, तरी ज्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगांना ठिणगी देते, तेथे ‘बी’ कॉइल दोन सिलिंडरांची जोडी सांभाळते.

या कोडमध्ये ‘सर्किट’ हा शब्द आहे, ‘कॉइल खराब’ असे त्यात कोठेही म्हटलेले नाही, आणि हा फरक न पाळल्यामुळेच माझे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर गाडी निमूटपणे चालू झाली. मी ती एका वर्कशॉपमध्ये नेली. तेथे कोड वाचला गेला, दोन क्रमांकाची कॉइल आणि चारही प्लग बदलले गेले, कोड पुसला गेला आणि बिल हातात आले. पाऊस उघडलेला असेपर्यंत सर्व ठीक होते. चार दिवसांनी झड लागली आणि तोच कोड परतला.

मग मी स्वतः लक्ष घातले. दोन क्रमांकाची नवी कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवली. दोष कॉइलमध्ये असता, तर कोड तिच्यासोबत सरकून पी०३५३ झाला असता. तो पी०३५२ च राहिला. या अदलाबदलीला दहा मिनिटे आणि एक दहा नंबरचा पाना लागतो; ती वर्कशॉपमध्ये का झाली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

आमच्या गाडीतील कॉइलला चार तारा आहेत. एक बारा व्होल्टची, एक अर्थिंगची, एक कंट्रोल युनिटकडून (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडून) येणाऱ्या इशाऱ्याची आणि चौथी पोच परत नेणारी. इशारा मिळाला की कॉइलच्या आतील ट्रान्झिस्टर प्राथमिक वेढ्यांतून प्रवाह सोडतो. काही मिलिसेकंदांत तो सहा-सात अँपिअरपर्यंत चढतो आणि मग एकदम तोडला जातो. कोसळणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुय्यम वेढ्यांत हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. हा प्रवाह ठराविक पातळीला पोहोचला तरच कॉइल पोच देते. पोच आली नाही, तर कंट्रोल युनिट कोड नोंदवते. अशा कॉइलच्या आत इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने नुसता ओहममीटर लावून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. दोन तारांच्या साध्या कॉइलला तो उपाय चालतो.

सर्व कॉइलांचे कपलर, म्हणजे तारांच्या टोकांचे जोड, काढले, चावी फिरवली आणि इंजिन चालू न करता मल्टिमीटरने दोन क्रमांकाच्या कपलरमधील बारा व्होल्टची पिन तपासली. १२.४ व्होल्ट आले. इतर तिन्ही कपलरांवरही तेवढेच. अर्थिंग ठीक दिसले. इशाऱ्याची तार कंट्रोल युनिटपर्यंत अखंड होती. तेव्हा दोष कंट्रोल युनिटमध्येच असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि त्याच्या किमतीच्या विचाराने त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तो निष्कर्ष चुकीचा होता.

आमच्या गावात मोटारी गुंडाळणारे आणि ट्रॅक्टरचे वायरिंग करणारे एक कारागीर आहेत. त्यांनी माझे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, मीटरनं काय पाह्यता जी, लोड देऊन पाहा नं.” हे म्हणणे वावरात कृषिपंप चालवणाऱ्या कोणालाही पटेल. स्टार्टरवरील मीटर ४०० च्या वर व्होल्ट दाखवतो, बटण दाबले की काटा खाली येतो आणि मोटर नुसती घुमत राहते. दाब असतो, पण लांबच्या बारीक तारेतून आणि खांबावरच्या सैल जोडातून भार पेलला जात नाही. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण दहा मेगाओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टवर तो मायक्रोअँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो. एवढ्याशा प्रवाहासाठी कुजलेली तारही पुरेशी ठरते.

त्यांनी ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा २१ वॉटचा दिवा होल्डरसह काढला, त्याला दोन तारा जोडल्या आणि प्रत्येक कपलरच्या वीज व अर्थिंग या पिनांमध्ये लावून पाहिला. एक, तीन आणि चार क्रमांकांवर तो झगझगीत पेटला. दोनवर तो विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला. दिवा लावलेला असतानाच मीटर धरला, तर १२.४ च्या जागी ५.८ व्होल्ट दिसले. दिव्याचे दुसरे टोक बॅटरीच्या धन टोकाला जोडून फक्त अर्थिंग तपासले, तेव्हा तो पूर्ण पेटला. म्हणजे खोट विजेच्या तारेत होती. असा दिवा फक्त वीज व अर्थिंग या दोन पिनांवर लावावा. इशाऱ्याच्या किंवा पोचेच्या तारेला तो लावल्यास कंट्रोल युनिटचा आतील भाग जळू शकतो.

चारही कॉइलांना वीज एकाच फ्यूजमधून येते आणि इंजिनामागच्या तारांच्या जुडग्यात एका जोडापासून चार फाटे फुटतात. इतर तीन फाटे ठीक असल्याने फ्यूज आणि मुख्य तार तपासण्याचे कारण उरले नाही. बॅटरीचे ऋण टोक काढून जुडग्यावरची टेप सोलली, तेव्हा ब्रॅकेटच्या कडेजवळ उंदराच्या दातांच्या खुणा सापडल्या. गाडी कोठ्यालगतच्या छपरात सरकी ढेपेच्या पोत्यांशेजारी उभी असते, तेव्हा यात आश्चर्य नव्हते. तारेचे वेष्टण बोटभर गेले होते आणि तांब्याचे सर्व पदर तुटून हिरव्या गंजाच्या थरातून एकमेकांना जेमतेम टेकलेले होते. चार-दोन पदर जरी अखंड असते, तरी एवढी घट झाली नसती. रोध निर्माण केला तो गंजाने, आणि ओल व हादरे यांनुसार तो कमीजास्त होत राहिला. कोरड्या दिवशी गाडी ठणठणीत का असे, याचा उलगडा तेथे झाला.

दुरुस्ती तासाभराची होती. चकचकीत तांबे दिसेपर्यंत दोन्ही टोके मागे कापली, त्याच जाडीचा नवा तुकडा मध्ये घालून डाख दिला, आतून गोंद असलेली आकसणारी नळी गरम करून बसवली आणि वरून खाचांची प्लॅस्टिकची नळी चढवली. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळण्याची आपल्याकडे रीत आहे. इंजिनाच्या उष्णतेत त्या टेपचा चिकटपणा विरघळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच गंज पुन्हा धरतो. जोड थंड झाल्यावर दिवा पुन्हा लावला. चारही कपलरांवर उजेड सारखा होता.

कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरमधील फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाची स्थिती, मी वहीत उतरवून घेतली होती : इंजिनाचे तापमान ९१ अंश, वेग ताशी ४६ किलोमीटर, फेरे २,३०० च्या आसपास. त्याच चढावर, भर पावसात, तेवढ्याच वेगाने गाडी तीनदा नेली. कोड आला नाही, प्रलंबित कोडांची यादीही रिकामी राहिली. मग वर्कशॉपमधून परत आणलेली जुनी कॉइल उत्सुकतेपोटी दोन क्रमांकावर बसवली आणि यवतमाळला जाऊन आलो. ती चांगलीच होती. आता तीच गाडीत आहे, आणि नवी डिकीत कापडात गुंडाळून ठेवली आहे.