एका नावाचे दोन फोल्डर

सांगलीतल्या एका छापखान्यातून फोन आला तेव्हा दिवाळी अंकांची धावपळ चालू होती. डिस्क भरली होती. जुन्या अंकांच्या स्कॅनचा एक फोल्डर दोनदा दिसत होता, म्हणून मालक काकांनी ठरवलं, एक उडवू. "पण दोन्हींची नावं हुबेहूब एकच. असं होतंच कसं? व्हायरस असणार."

एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज बनवू देत नाही, हे खरं. मी एक उघडला, दुसरा उघडला. आत त्याच फायली. पहिल्यात एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवली, तर ती दुसऱ्यातही आली. काका म्हणाले, "बघा, डुप्लिकेटच आहे. उडवा की एक." मी त्यांच्या हातातला माऊस जवळजवळ काढूनच घेतला. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत असतील, तर आपण काय उडवतोय याचा भरवसा कोण देणार?

कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, प्रत्येक फोल्डरचं नाव चौकटी कंसात छापून घेतलं. एकाचा कंस नावाला चिकटून बंद झाला, दुसऱ्याचा एक घर सोडून. म्हणजे नावाच्या शेवटी स्पेस होती.

स्कॅनिंगच्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, होतं आणि ही बाहेरची डिस्क आधी तिथं लागायची. लिनक्सला नावात तिरकी रेघ सोडली तर जवळपास काहीही चालतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फायली साठवायच्या पद्धतीची, डिस्कही असलं नाव मुकाट्यानं साठवते. अडतं ते वरच्या थरात: विंडोज नाव डिस्कपर्यंत पोचवण्याआधी शेवटची स्पेस आणि शेवटचा टिंब छाटून टाकतं. त्यामुळे स्पेसवाल्याला हाक मारली की ओ द्यायचा बिनस्पेसचा. डिलीट दाबलं असतं तर चांगला फोल्डरच गेला असता.

यावर उपाय म्हणजे पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ ही चार चिन्हं लावायची. मग विंडोज नावाची काटछाट करत नाही, जसं आहे तसं पुढे पाठवतं. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं हे नशीब. त्या काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन दिसत होते. नाव अवतरणात, स्पेससकट लिहिलं आणि आधी फक्त बदललं. असल्या वेळी थेट पुसू नये, कारण कमांडनं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही.

नवं नाव मिळाल्यावर फोल्डर पहिल्यांदा खरा उघडला. आत अर्धवट सोडलेलं जुनं स्कॅनिंग होतं. काका बघून म्हणाले, "हे परत केलंय आम्ही. जाऊ दे." अनुक्रमणिकेचं पान तेवढं चांगल्या फोल्डरमध्ये नव्हतं आणि इथं ते विंडोजमध्ये उघडेना. ऑपरेटर ताईंनी 'कंटेंट्स'ची (contents) पहिली तीन इंग्रजी अक्षरं घेऊन फाइलचं नाव ठेवलं होतं 'कॉन' (con). ते नाव १९८१च्या डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीपासून, राखीव आहे, कीबोर्ड आणि पडद्यासाठी. तेव्हा डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, म्हणून उपकरणांची नावं कुठूनही चालायची. १९८३मध्ये फोल्डर आले तरी जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून ती सवय तशीच ठेवली. कॉनच्या पुढे एक्स्टेन्शन, म्हणजे टिंबानंतरचं फाइलच्या प्रकाराचं शेपूट, लावलं तरी त्यांच्या विंडोज १०ला तो पडदाच वाटत होता. पुन्हा तीच चार चिन्हं, नवं नाव, आणि पान जागेवर.

मग उरलेला फोल्डर 'आरडी' या फोल्डर काढायच्या कमांडला '/एस' (आतल्या सगळ्यासकट) जोडून उडवला. एंटर मारण्याआधी ओळ काकांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नसेल, पण वाचताना मलाच चूक दिसते.

खरं काम उबुंटूच्या मशीनवर होतं. डिस्क जोडताना 'विंडोज_नेम्स' हा पर्याय लावला की विंडोजला न चालणारं नाव तिथंच नाकारलं जातं. तो लावून मी निघालो. संध्याकाळी ताईंचा तक्रारीचा फोन: "दादा, तुम्ही काय केलंत? 'कव्हर फायनल?' असं नावच घेत नाही." प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं. म्हणाल्या, "पण ते फायनल झालेलं नाहीये ना अजून!"