जुन्या वाड्याचा साग आणि प्लेनरवरची पाटी

अमेरिकेतल्या सामायिक वर्कशॉपमध्ये थिकनेस प्लेनरजवळ (फळी रंधून सारख्या जाडीची करणारे यंत्र) बहुतेक ठिकाणी एक पाटी असते: जुने, रंगवलेले किंवा खिळे मारलेले लाकूड या यंत्रात घालू नये. इथल्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. नाशिकच्या माणसाला मात्र ती पाटी बोचते. घरी सुतारकाम करणाऱ्याला आपल्याकडे मिळणारा सगळ्यात चांगला साग जुनाच असतो. पंचवटीत, सराफ बाजाराच्या आसपास वाडे उतरवले जातात, त्यांच्या तुळया, खांब आणि माडीच्या फळ्या वखारीत येतात. दोन-तीन पिढ्या छपराखाली राहिलेले ते लाकूड आता फारसे हलायचे (आकसायचे, वाकायचे) नाही. इथे भट्टीत वाळवून ६ ते ८ टक्के आर्द्रतेवर आणलेल्या ओकचे कौतुक होते. होऊ दे. तो साग त्यांनी हातात धरलेला नाही.

तरीही नियम चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. घरगुती प्लेनरचे उदाहरण म्हणून माकिटाचा २०१२एनबी घ्या. पाती दोन, मिनिटाला ८५०० फेरे, म्हणजे १७,००० काप, आणि तेवढ्या वेळात फळी साडेआठ मीटर पुढे सरकते. प्रत्येक मिलिमीटरला दोन काप पडतात, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत येतो. त्यात एक चूक (लहान खिळा) आडवी आली की दोन्ही पात्यांना एकाच जागी खाच पडते आणि त्यानंतरच्या प्रत्येक फळीवर तिथे बारीक उंच रेघ उमटत राहते. काही यंत्रांत एक पाते केसभर बाजूला सरकवून ही रेघ घालवता येते. नाहीतर पाती उलटायची किंवा बदलायची. सामायिक यंत्रात ही एकाची चूक सगळ्यांना सोसावी लागते. आपले यंत्र, आपली पाती असतील तर जुना साग जरूर लावावा, पण आधीची तयारी पूर्ण करून.

ही तयारी प्लेनिंगपेक्षा जास्त वेळ खाते आणि तिथेच माणसे घाई करतात. आधी तारेच्या ब्रशने चुना, माती, सिमेंट काढा. धार बोथट करण्यात खडा खिळ्याइतकाच वाईट. दोन्ही टोके अर्धा-अर्धा इंच कापून टाका, कारण टोकाच्या उघड्या तंतूंत वाळू घुसून बसलेली असते. मग फळी उजेडात आडवी धरून काळे डाग शोधा. लोखंड आणि सागातले टॅनिन मिळून निळसर काळा डाग पडतो. डाग आहे पण खिळ्याचे डोके दिसत नाही, तिथे मोडका खिळा आत आहे असेच धरा. डोके हाताला लागले तर अंबुराने ओढा. मोडका असेल तर त्याच्याभोवती पोकळ ड्रिल फिरवून लाकडासकट काढा आणि भोकात सागाचीच गुट्टी बसवा. यानंतर हातात धरायचा मेटल डिटेक्टर दोन्ही बाजूंनी आणि कडांवरून फिरवा. फळी यंत्रातून एक-दोनदा गेल्यावर (एक-दोन पास झाल्यावर) पुन्हा फिरवा, कारण खोल बसलेले लोखंड तेव्हा वर येते. रंगवलेल्या चौकटी मात्र लावूच नका. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. प्लेनरमध्ये तो रंग धूळ होऊन घरभर पसरेल.

दुसरा गैरसमज असा की प्लेनर वाकडी फळी सरळ करतो. करत नाही. तो वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, एवढेच. फळी पुढे ओढणारे रोलर पिळलेली फळी दाबून सपाट करतात, पाती जाडी कमी करतात, आणि बाहेर आल्यावर पीळ होता तसाच परत येतो. म्हणून एक बाजू आधी सपाट हवी. त्यासाठी इथे जॉइंटर नावाचे वेगळे यंत्र विकत घेतात, किंवा एका सपाट तक्त्यावर फळीखाली पाचरी चिकटवून तक्त्यासकट ती प्लेनरमध्ये ढकलतात. आपल्याकडे हाताचा रंधा आहे आणि तो चालवणारा सुतार अजून गल्लीत सापडतो. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या ठेवून डोळ्याने पीळ बघायचा आणि उंच कोपरे उतरवायचे. आरसा करायची गरज नाही. यंत्राच्या पाटावर फळी डुलली नाही की झाले. यंत्र आले म्हणून रंधा अडगळीत टाकू नका, यंत्राचे अर्धे काम त्याच्याकडेच आहे.

माप सुतातच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरा, सोपे जाते. दहा सुती फळी आठ सुती करायची तर साधारण ६.४ मिलिमीटर काढायचे आहेत. एका पासला पाव सूत, म्हणजे ०.८ मिलिमीटर. असे आठ पास, चार या बाजूने, चार त्या बाजूने, आलटून पालटून. एकाच बाजूने सगळे काढले तर आतली ओल एका अंगाने उघडी पडते आणि फळीला पन्हळ येते. फळी घालताना कडेवरच्या रेषा बघा, त्या मागच्या टोकाकडे चढत जायला हव्यात. उलट घातलीत तर पाती तंतू उचकटतात, विशेषतः गाठीजवळ.

टोकाशी दोन-तीन इंचांत जो खड्डा पडतो, त्याला स्नाइप म्हणतात. फळी आत जाताना आणि बाहेर पडताना एकाच रोलरच्या पकडीत असते, तिचे टोक पात्यांकडे उचलले जाते. आत जाताना मागचे टोक आणि बाहेर येताना पुढचे टोक हाताने किंचित उचलून धरा. फळ्या एकामागोमाग टोकाला टोक लावून सोडा. तरीही दोन्हीकडे तीन-तीन इंच जास्तीचे ठेवलेले बरे. फूटभराहून आखूड तुकडा घालू नका, दोन्ही रोलर त्याला एकदम धरत नाहीत.

नातेवाइकाकडून अमेरिकेतला प्लेनर मागवू नका. तो १२० व्होल्टचा असतो, त्याला किमान तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल. २३० व्होल्टचे १६५० वॅटचे यंत्र सात अँपिअरच्या वर घेते, तेव्हा १६ अँपिअरचे अर्थिंग असलेले सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी. हातमोजे घालू नका, ते रोलर ओढून घेतो. फळीच्या मागे नव्हे, बाजूला उभे राहा. कानाला मफ आणि तोंडाला मास्क हवाच. सागाची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते. भुसा ओढून घेतला नाही तर तो रोलरखाली दबून फळीवर खळगे पाडतो. सागाचे तेल रोलरवर चिकटले की फळी अडखळते. यंत्र बंद करून, प्लग काढून ते स्पिरिटने पुसा आणि पाटाला मेण लावा.

शेवटचे पाव सूत त्याच दिवशी काढू नका. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा, दोन दिवस हवा लागू द्या. पावसाळ्यात आठवडाभर. मग शेवटचे दोन हलके पास द्या.