डोक्यावरची बॅटरी

"भाऊ, तो बल्ब खाले कर. माले आंधया करी दिन्हा."

जानेवारीतली रात्र होती, पावणेदोनचा सुमार. गव्हाला पाणी चालू होतं. धाकला चुलतभाऊ दोन वाफ्यांपलीकडे फावडं घेऊन उभा होता. त्याने काहीतरी विचारलं म्हणून मी मान वळवली आणि डोक्यावरच्या बॅटरीचा सगळा झोत त्याच्या डोळ्यांत गेला. डोक्यावरच्या दिव्याचा हा अंगभूत दोष. ज्याच्याशी बोलावं त्यालाच आपण आंधळं करतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. ती सगळी कमाई मी एका "काय रे?"मध्ये घालवली. पुढची पाच मिनिटं तो पायाने चाचपत चालत होता आणि माझ्या नोकरीबद्दल, शिक्षणाबद्दल अहिराणीत जे म्हणत होता ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं शेत साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. मी धुळ्याला राहतो, शनिवारी-रविवारी जातो. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळी लागते आणि रात्रीची पाळी नेमकी थंडीतच जास्त आठवते. (आमच्याकडे 'लाईट' म्हणजे वीज, आणि 'बॅटरी' म्हणजे हातातला टॉर्च. हा लेख शहरात कोणी वाचत असेल तर घोळ नको.) म्हणून आग्रा रोडवरच्या एका दुकानातून डोक्याला बांधायची बॅटरी घेतली होती. दुकानदाराला विचारलं, पिवळ्या उजेडाची आहे का? तो म्हणाला, "साहेब, पिवळा कोण घेतं? गिऱ्हाईक भिंतीवर मारून पाहतं, पांढरा दिसला की पैसे काढतं." मीही भिंतीवर मारून पाहिला आणि पैसे काढले.

खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलं होतं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप. या केल्विनची एक गंमत आहे. पांढऱ्या-निळसर उजेडाला सगळे 'कूल' म्हणतात आणि पिवळ्याला 'वॉर्म', पण मापाचा आकडा उलटा चालतो. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब २७००, आणि हा आमचा 'थंड' दिवा थेट ६५००. लोहाराच्या भात्यापाशी उभं राहिलेल्याला हे लगेच कळेल. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे पांढरं हे जास्त तापलेलं. अर्थात आपला दिवा काही इतका तापलेला नसतो. एवढी तापलेली वस्तू ज्या रंगाने उजळेल तो रंग, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. तरी जळगाव-भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाने पांढऱ्याफटक उजेडाला 'थंड' म्हणावं, हे मला पटत नाही. आमच्याकडे दुपारी बाराचा उजेड पांढरा असतो आणि त्याला कोणी थंड म्हणून दाखवावं.

पिवळा दिवा नंतर आला. तोरणमाळला, सातपुड्यात रात्री-बेरात्री हिंडणाऱ्या एका मित्राने त्याचा जुना दिला. ३००० केल्विन. भिंतीवर मारला तर अगदीच बिचारा वाटला, घासलेटच्या चिमणीचा शिकलेला पुतण्या. मग एका रात्री दोन्ही दिवे खिशात घेऊन शेतात गेलो आणि बांधावर बसून आळीपाळीने लावून पाहिले. धाकल्याच्या मते हा रिकामपणाचा उद्योग होता. पण त्याने मध्येच माझ्या हातातून पिवळा घेतला आणि बांधाच्या कडेला वाळक्या गवतावर रोखला. मग पांढरा लावला. परत पिवळा.

पांढऱ्यात ते सगळं राखाडी होतं. माती राखाडी, वाळलेलं गवत राखाडी, मागच्या हंगामातलं कपाशीचं बोंड राखाडी. दिसत होतं भरपूर, लांबपर्यंत. पण सगळं सिमेंटच्या गोणीतून काढल्यासारखं. पिवळ्यात तेच गवत तपकिरी झालं, त्यातली एक काडी तांबूस, बोंडाचं कवच काळपट चॉकलेटी, माती त्याहून वेगळी. उजेड कमी, पण तपकिरीत तपकिरी चार प्रकारची. आमच्या भागात पायाखालच्या ज्या गोष्टी ओळखायला हव्यात त्या बहुतेक याच रंगांत राहतात. घोणस तपकिरी, तिच्या अंगावरची साखळी गडद तपकिरी, फुरसं मातीचंच. घोणशीचं वेटोळं मी एकदा पांढऱ्या उजेडात पाहिलं होतं आणि ओलं सुतळीचं बंडल समजून उचलायला वाकलो होतो. तिने प्रेशर कुकरसारखा फुत्कार टाकला म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

पण पिवळ्याचं कौतुक करताना एक सांगायला हवं. मण्यार पांढऱ्यातही चुकत नाही. काळं-निळं चकचकीत अंग आणि त्यावर पांढरे पट्टे, उलट तिथे तो दिवा बराच कामाचा. तेव्हा पिवळ्याने साप दिसतात आणि पांढऱ्याने दिसत नाहीत, असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका.

फरक पडतो तो दिव्याच्या पोटात. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळ्या उजेडाची चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड गिळून पिवळा परत देणाऱ्या पदार्थाचा, लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. या निळ्या एलईडीसाठीच २०१४ साली अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप कमी किंवा स्वस्त असला की निळा वरचढ होतो आणि लाल रंग फारसा उरत नाही. दिव्यातच लाल नसेल तर तांबूस वस्तूने परत काय पाठवायचं? पिवळ्या दिव्यात लेप जास्त, त्यात लाल मिसळलेला. पण निळ्याचा लाल करताना थोडा उजेड वाटेतच खर्च होतो, म्हणून तेवढ्याच सेलवर पिवळा जरा मंद पडतो. लांबचं पाहायचं, म्हणजे मोटारीच्या खोलीपासून पलीकडच्या उसात काही हललं का ते पाहायचं, तर अजूनही मी पांढराच घेतो. बिबट्याच्या शंकेपुढे रंगाची रसिकता टिकत नाही.

धुक्याची गोष्ट वेगळी. पांझरेवर जानेवारीत पहाटे धुकं उतरतं, नदीकडून गव्हात शिरतं. अशा वेळी पिवळा उजेड धुकं कापतो, असं ट्रकवाल्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे सांगतात. मीही मोठ्या आशेने पिवळा लावला. समोर पिवळी भिंत. पांढरा लावला, पांढरी भिंत. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते रंगारंगांत भेद करत बसत नाहीत, सगळंच परत फेकतात. आणि दिवा कपाळावर, डोळ्यांच्या चार बोटं वर, म्हणजे फेकलेलं सगळं नेमकं डोळ्यांतच येतं. शेवटी वैतागून पट्टा काढला आणि दिवा हातात, कंबरेखाली धरला. भिंत गेली असं नाही, पण तिला खालून फट पडली. पाय दिसले, पाटाची कड दिसली.

हे मी घरी येऊन मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलं तेव्हा ओट्यावर बसलेले आबा नुसते हसले. आबा म्हणजे माझे थोरले काका, धाकल्याचे वडील. तरुणपणी त्यांनी फडावर जागल्याचं काम केलं आहे. पांझरेच्या खोऱ्यातली फड बागायत तीनशे वर्षांहून जुनी मानतात. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली गावाच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीने. पाणी शेतात पोचवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, आणि पीक राखायला जागल्या. जागल्याने रात्रभर फिरायचं. आबांजवळ काठी आणि कंदील.

कंदील ते गुडघ्याखाली धरायचे, हात लांब सोडून. काचेच्या ज्या बाजूला आपण, त्या बाजूला कागदाचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे ज्योत स्वतःच्या डोळ्यांत जात नसे. उजेड जमिनीलगत आडवा पसरायचा आणि जमिनीवरचं प्रत्येक ढेकूळ, प्रत्येक काडी आपली लांब सावली पुढे टाकायची. आबा म्हणाले, "साप दिखत नही रे, सावली दिखस." हे ऐकून मी आत जाऊन डोक्यावरची बॅटरी घेऊन आलो आणि अंगणात त्यांच्यासमोर लावली. खरंच, सावल्याच नाहीत. म्हणजे असतात, पण दिवा आणि डोळे एकाच जागी असल्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली तिच्याच मागे लपते. अंगण सपाट, फोटोसारखं. खड्डा आणि डाग सारखाच. केल्विन कितीही असोत.

कपाळाच्या बाजूने बोलायला मात्र एक गोष्ट आहे आणि ती मी आबांना दाखवली. कपाळावरच्या दिव्याने परसातल्या गवतावर पाहिलं की दव पडल्यासारखे हिरवट ठिपके चमकतात. जवळ जावं तर दव नसतंच, ते कोळ्यांचे डोळे असतात. डोळ्यांत आरसा असलेले हे कोळी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून दिवा डोळ्यांजवळ असेल तरच ते चमकताना दिसतात. कंदिलाच्या आयुष्यात ते दिसणार नाहीत. आबांनी बॅटरी कपाळाला लावून गवत पाहिलं, मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. "इतलं पाही राह्यना व्हतात आमनाकडे," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ बॅटरी परत दिली नाही.

पावसाळ्यातलं पटकन सांगतो. पांढरा दिवा लावून मृगात बाहेर पडू नये. किड्यांच्या डोळ्यांना निळं आणि त्यापलीकडचं अतिनील जास्त खुणावतं, म्हणून पांढऱ्यावर ते तुटून पडतात. आणि दिवा तोंडाच्या वर असल्याने बोलता बोलता एखादा आत जातो. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर निंबा-बाभळीवर येतात, फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात टाकतात, त्या कामाला मी एकदा पांढरा घालून गेलो होतो. अर्धे भुंगेरे बादलीत, अर्धे माझ्या कॉलरीत. पिवळ्यावरही येतात, पण निमंत्रण असल्यासारखे येत नाहीत.

खरा निकाल लागला तो भरताला. थंडीत शेतात भरीत म्हणजे आमच्याकडे सणच. हिरवी, पोटात बी कमी असलेली मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलून ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि सोबत कळण्याची भाकर, पुऱ्या. त्या रात्री विस्तव खाली बसल्यावर वाढायला उजेड हवा म्हणून मी पांढरा दिवा बाभळीला टांगला. ताटात जे पडलं त्याच्याकडे सगळे बघत राहिले. फिक्कट हिरवं भरीत त्या उजेडात गिलाव्यासारखं दिसत होतं. पात निळसर, मिरची काळी, आणि माणसांची तोंडं दवाखान्यातून डिस्चार्ज न मिळाल्यासारखी. धाकल्याच्या बायकोने ताट खाली ठेवलं. "भाऊ, हाई काय वाढं?" म्हणाली. पिवळा लावला. भरीत हिरवं झालं, वर तेलाची तार चमकली, भाजक्या शेंगदाण्याला त्याचा रंग परत मिळाला. चव अर्थात तीच असणार, पण पहिल्या पंगतीचं भरीत दुसऱ्या पंगतीपेक्षा कमी उठलं, हे मी भांडं पाहून सांगतो.

त्या रात्रीपासून पिवळा दिवा माझा राहिलेला नाही. तो मोटारीच्या खोलीत खुंटीला असतो, आबांच्या काच फुटलेल्या कंदिलाशेजारी. धाकला पाणी भरायला जाताना तो घालतो, आणि घालतो म्हणजे गळ्यात अडकवतो, तोंड खाली, छातीपाशी. मागच्या रविवारी परत निघताना मी भीत भीत विचारलं, अरे, माझी बॅटरी?

तो बैलांना चारा टाकत होता. मागे न वळता म्हणाला, "धुयाले रातभर लाईट ऱ्हास भाऊ, तुले काय करनी ती? तो धवया लई जाय."

पांढरा आता माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला बरा पडतो.