व्हायरल लोड शून्य, तरी मानेची सोनोग्राफी

मला एचआयव्ही आहे; माझं एआरटी, म्हणजे विषाणू दाबणाऱ्या गोळ्यांचा उपचार, ससूनला चालतं. बरीच वर्षं झाली. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला. त्यामुळे डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता जरा हृदयाकडे बघू," तेव्हा मी चक्रावलेच. छातीत कधी कळ आली नव्हती. त्यांनी समजावलं: गोळ्यांनी विषाणू दबला तरी अंगात बारीक दाह धुमसत राहतो आणि धमनीच्या अस्तराखाली चरबी साचायला हातभार लावतो. एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या दीड-दोनपट. वय, बीपी, कोलेस्टेरॉल घालून काढलेला नेहमीचा स्कोअर तो बऱ्याचदा कमीच दाखवतो. ही सुरुवात ईसीजीत दिसत नाही, म्हणून मानेतल्या कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी.

ती एका खासगी सेंटरला केली. फॉर्मवर मी आजाराचं खरं लिहिलं आणि माझा नंबर मागे-मागे जात शेवटचा झाला. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी किती वेळा वाचली असेन! याचा मला अजून राग आहे. या तपासणीत ना सुई, ना रक्त. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात असा भेदभाव चालत नाही, हे काउंटरवर ठणकावून सांगितलं, तेव्हा कुठे आत घेतलं.

आतल्या डॉक्टरांनी मात्र मन लावून तपासलं. मान एका बाजूला वळवायची, गार जेल, त्यावरून प्रोब. स्क्रीनवर धमनीच्या भिंतीच्या दोन समांतर रेघा दिसल्या. त्यांच्यामधलं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी. उजवीकडे 0.7 मिलिमीटर. डावीकडे, धमनीला फाटे फुटतात तिथे, फुगवटा: 1.8. दीडच्या वर गेलं की प्लाक, म्हणजे चरबीचा साठा, म्हणतात. रक्ताला अडथळा नव्हता.

"अहो, वेळेत सापडलं," मॅडम म्हणाल्या आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, लिहून दिलं. 2023 मध्ये रिप्रीव्ह या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात एचआयव्ही असलेले 40 ते 75 वयाचे 7,769 जण होते. रोज पिटाव्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघातासारख्या घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. टीएलडी या एचआयव्हीच्या नेहमीच्या एकत्रित गोळीबरोबर ही गोळी चालते. रिटोनाविर हे एचआयव्हीचं दुसरं औषध घेणाऱ्यांना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन मात्र चालत नाही, तेव्हा मेडिकलमधून परस्पर काही आणू नका.

त्या अभ्यासातल्यांचा धोका स्कोअरनुसार फारसा नव्हताच. म्हणून सोनोग्राफी परवडत नसली तरी, चाळिशी उलटली असेल तर पुढच्या खेपेला गोळ्या घेताना बीपी, साखर, लिपिड तपासायला सांगा आणि स्टॅटिनचं स्पष्ट विचारा.