परतीचं भाडं

12 एप्रिल 2025, हनुमान जयंती

आज गाडी दारात आली. 2019 चा छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, सेकंडहँड. हौद्याला डाव्या अंगाला एक पोचा आहे, बाकी गाडी ठणठणीत. मायनं समोरच्या काचेखाली हळदी-कुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एमएच-19 वाचलं आणि पोटात गोळा आला. नऊ वर्षं एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काढली. पगार कमी होता, पण सात तारखेला यायचा. आता सात तारखेला हप्ता जाणार, 9,400 रुपये.

कागदांची धास्ती मात्र उगाच घेतली होती. एका एजंटनं सांगितलं होतं की मालवाहू गाडीसाठी लायसनवर वेगळी नोंद लागते, त्याचे इतके पैसे होतील. चुलतभाऊ वकिलाकडे कामाला आहे, त्यानं समजावलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिला आहे, 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं. भरलेल्या गाडीचं एकूण वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. फिटनेसची तपासणी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. एवढं कळलं आणि एजंटचे पैसे वाचले. तेच पैसे ताडपत्री आणि रस्सा घ्यायला कामी आले.

16 एप्रिल

पहिलं लांबचं भाडं. जळगावहून चोपड्याला पीव्हीसी पाइप आणि फिटिंगची पोती. दुकानदार म्हणाला, "अकराशे देतो." पंचावन्न किलोमीटरचे अकराशे, म्हणजे किलोमीटरला वीस रुपये. मी लगेच हो म्हटलं. विदगावच्या पुढे तापीच्या पुलावरून जाताना खाली पात्र पाहिलं आणि वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं घाबरलो.

दुपारी एकला गाडी खाली झाली. तीनपर्यंत चोपड्यात परतीचं भाडं शोधलं. नाही मिळालं. हौद्यात नुसता रस्सा घेऊन परत आलो. रिकामी गाडी फार वाजते. फाळक्याची साखळी पूर्ण रस्ता वाजत होती.

संध्याकाळी टेम्पो अड्ड्यावर नानांना सांगितलं. नाना तीस वर्षं गाडी चालवतात. त्यांनी एवढंच म्हटलं, "रिकामी गाडी बी डिझल खास, भाऊ." म्हणजे रिकामी गाडीही डिझेल खाते.

रात्री वही घेऊन बसलो. डिझेल लिटरला 92 धरलं, गाडी 17 चा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साधारण 5 रुपये 40 पैसे. महिन्याला 2,000 किलोमीटर धरले तर हप्त्याचे 4 रुपये 70 पैसे. विम्याचे 90 पैसे. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचा एक रुपया. बेरीज बारा रुपये, आणि त्यात माझी मजुरी नाही. चोपडा जाऊन-येऊन 110 किलोमीटर, त्याचे 1,320 होतात. हातात आले 1,100. दिवसभर उन्हात राबून मी त्या दुकानदाराला वर 220 रुपये देऊन आलो होतो.

हिला वही दाखवली. तिनं बेरीज पुन्हा केली, तीच आली. मग तिनं पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला "जाताना" लिहिलं, दुसऱ्या बाजूला "येताना".

19 एप्रिल

घरसामान हलवताना फ्रिजचा कोपरा फाळक्याला घासला. 700 रुपये भरून दिले. गाडीच्या विम्यात गाडी येते, आतला माल येत नाही, हे मी पॉलिसी घेताना विचारलंच नव्हतं. जुन्या गोधड्या चार आणल्या, आता त्या कायम गाडीत राहतील.

23 एप्रिल

बऱ्हाणपूरचं भाडं, पाण्याच्या मोटारी. भाडं चांगलं होतं आणि या वेळी येण्याचंही धरून सांगितलं होतं. माल भरून झाला. बिलाबरोबर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा कागद दिला, तो नानांनी शिकवल्याप्रमाणे गाडी नंबरपासून वाचला. नंबर दुसऱ्याच टेम्पोचा होता. मुनीम म्हणाला, "जाऊ द्या हो, कोण बघतंय." माल साठ हजारांच्या वरचा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही, पण हा माल मध्य प्रदेशात जाणार, राज्याबाहेर जाताना मर्यादा पन्नास हजारांची. रस्त्यात अडवलं तर गाडी माझी अडकणार, मुनीम दुकानात बसलेला असणार.

मी किल्ली काढून खिशात घातली आणि सावलीत उभा राहिलो. नवीन माणसानं असं करावं का, पुन्हा काम मिळेल का, सगळं मनात येत होतं. पाऊण तासानं नंबर बदलून कागद आला. मालक स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "बरं केलं थांबलात ते." त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. कारखान्यात नऊ वर्षांत मी कुणाला "नाही" म्हटल्याचं आठवत नाही.

28 एप्रिल

हा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

सकाळी कूलर भरून अंमळनेरला निघालो. बांभोरीचा गिरणेवरचा पूल, पाळधी, धरणगाव. दहालाच ऊन असं की खिडकीबाहेर हात ठेवता येत नव्हता. अकराला माल खाली केला, पोच घेतली आणि ठरवलं, आज रिकामं जायचं नाही. बाजारात विचारलं, भुसारवाल्यांकडे विचारलं. एका चहावाल्यानं सांगितलं, कुंभारवाड्यात बघा, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवावर आली आहे.

तिथं एक मावशी आणि त्यांचा मुलगा गाडीचीच वाट बघत होते. जळगावच्या बाजारात घागरी पोचवायच्या होत्या, ठरलेला टेम्पो आला नव्हता. 180 नग. मी आठशे सांगितले, सातशेवर ठरलं. जाण्याच्या भाड्यात येणं धरलेलंच होतं, म्हणून ओढून धरलं नाही.

घागरी कशा भरतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. आधी गव्हाच्या काडाचा वीतभर थर. मावशी प्रत्येक घागर डाव्या तळहातावर घेत, उजव्या हाताच्या बोटाचं पेर एकदा वाजवत. खणखणीत आवाज आला तर मुलाच्या हातात. एक घागर बद्द वाजली. मला तिच्यात काही दिसेना. त्यांनी ती उजेडाकडे धरली, गळ्याखाली केसासारखी चीर होती. बाजूला ठेवली. पहिला थर पालथा, त्याच्या खाचांत दुसरा, मध्ये काड कोंबलेलं. मी गोधड्या काढून कडेनं लावल्या. रस्सा आवळायला गेलो तर मावशींनी हात धरला. मातीला आवळायचं नसतं, दाटीनं बसवायचं असतं, म्हणाल्या. वरून ताडपत्री नुसती सैल बांधली.

निघताना म्हणाल्या, "हळू जाजो भाऊ. वर्षाचं शे." म्हणजे हळू जा, वर्षाचं आहे.

मोठ्या सणाच्या तोंडावर एका घराची कमाई माझ्या मागे होती, आणि ती सगळी फुटणारी. तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दिले. प्रत्येक गतिरोधकाला पहिला गिअर. धरणगावच्या पुढे एका खड्ड्यात मागचं चाक गेलं तेव्हा मी श्वास धरला. मागून फक्त काडाची खसखस आली.

जळगावला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मावशींचा मुलगा एसटीनं आधीच येऊन थांबला होता. एकेक उतरवली, वाजवली, मोजली. तीन फुटल्या. मी पैसे कापून घ्या म्हटलं. तो म्हणाला, दरवर्षी दहा-बारा जातात. मग सातशे मोजून दिले आणि एक घागर वर दिली.

वहीत आज दोन्ही बाजू भरल्या. हिनं "येताना"खाली 700 लिहिलं आणि शेजारी "+ 1 घागर".

30 एप्रिल, आखाजी

आज गाडी बंद ठेवली. बहीण माहेरी आली आहे. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधलाय, पोरींची गाणी सकाळपासून चालू आहेत. सांजोऱ्या झाल्या, आंबे आले.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या नावाची घागर भरायची होती. ते दाणाबाजारात हमाल होते, दुसऱ्यांच्या गाड्या भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मायनं अंमळनेरची घागर हातात घेतली आणि पाणी भरायच्या आधी बोटाच्या पेरानं एकदा वाजवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. घागर खणखणीत वाजली. मग पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला.

जेवणं चालू असताना फोन आला. बऱ्हाणपूरच्या भाड्याचे ते मोटारीवाले मालक. उद्या सकाळी सहाला माल आहे. मी आधी विचारलं, तिकडून येताना काही आहे का.