आधी टेल, मग हेड

लग्न, साखरपुडे, सेवापूर्तीचे समारंभ यांचं निवेदन करून माझं घर चालतं. नाशिकमध्ये या कामाला मरण नाही. शोकसभा त्यातूनच येऊ लागल्या, आधी ओळखीच्यांच्या, मग सांगोवांगी. पण स्वतःच्या अंत्यविधीची आखणी करायला कुणी जिवंत माणसानं बोलावलं, असं आबांच्या आधी झालं नव्हतं.

फोन त्यांच्या मुलाचा, मेलबर्नहून. तिकडे त्याच्या मित्राचे वडील गेले तेव्हा सगळा विधी एका बाईंनी चालवला होता. त्या धर्मगुरू नव्हत्या, नात्यातल्याही नव्हत्या. घरच्यांबरोबर बसून त्यांनी माणूस समजून घेतला आणि त्याच्यापुरताच कार्यक्रम बांधला. त्यांना तिकडे सेलिब्रंट म्हणतात. १९७३ साली तिथले ॲटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांनी नागरी पद्धतीची लग्नं लावायला सामान्य माणसं नेमायला सुरुवात केली, आणि पुढे लोक अंत्यविधीसाठीही अशांकडे जाऊ लागले. लग्न लावायला सरकारी अधिकार लागतो, अंत्यविधी चालवायला मात्र काहीच लागत नाही. "म्हणजे तुम्हीही करू शकता, ताई," मुलगा म्हणाला. मला हसू आलं. आपल्याकडे अडचण परवान्याची नाही, वेळेची आहे. तिकडे माणूस गेल्यावर विधीला अनेकदा आठवडा मिळतो. इथे सकाळी गेलेला माणूस संध्याकाळच्या आत अमरधामला पोचतो. त्यात कोण कुणाला काय विचारणार? मुलाला हे कळत होतं, म्हणूनच त्यानं आधी फोन केला होता. आबांचे उपचार डॉक्टरांनी थांबवले होते.

जेलरोडच्या घरात, पुढच्या खोलीत खाट टाकलेली. मी बसते न बसते तोच आबांनी विचारलं, "तुमचा दर काय, ताई?"

सांगितला.

"लग्नाइतकाच?"

"निम्मा."

"मग ठीक. इथं पुढच्या वेळी परत बोलवायची सोय नाही."

आबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी गोदावरीच्या कालव्यांवर गेली. नांदूर मध्यमेश्वरला आता लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जातात, जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही ते आहे. आबांच्या लेखी तो बंधारा होता आणि तिथून निघणारं पाणी कोपरगाव, राहात्यापर्यंत पोचवायचं होतं. पक्ष्यांचा विषय निघाला की म्हणायचे, "त्यांना पाण्याची पाळी लागत नाही, सुखी आहेत."

माझे प्रश्न ठरलेले असतात. पदं आणि पुरस्कार मी विचारत नाही, ते फ्लेक्सवर येतातच. रोज तोंडी असलेलं वाक्य कोणतं, कशावर चिडता, कुणाशी अबोला आहे, कोण बोललेलं अजिबात चालणार नाही, हे विचारते. निफाड-सिन्नर पट्ट्यात ज्यानं दशक्रिया बघितली आहे, त्याला शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व सांगायला नको. कीर्तनकाराचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आजी, माजी, भावी. प्रत्येकाच्या तोंडी मयत मनमिळाऊ, कष्टाळू आणि शांत स्वभावाचा. घाटावर पिंड ठेवलेले, कावळा झाडावर, आणि माइक काही खाली येत नाही.

"साहेब लोक नकोत," आबा म्हणाले. "आणि बोलायचा क्रम टेलपासून. आधी टेल, मग हेड."

कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी आधी शेवटच्या टोकाला द्यायचं आणि मग वर सरकत यायचं, हा नियम. वरच्यांना आधी दिलं तर खाली काही उरत नाही. कागदावर सोपं, पण पाट ज्याच्या बांधावरून वाहतो त्याच्या डोळ्यांसमोरून पाणी पुढे जात असतं आणि रात्री कुणीतरी पाणी उपसायला मोटार टाकतंच. आबांचा अर्धा जन्म त्या मोटारी उचलण्यात गेला.

त्यातल्याच एका मोटारीचा मालक त्यांना बोलायला हवा होता. ऐन रब्बीत त्याची मोटार जप्त केली, पंचनामा केला, त्याचा कांदा वाळला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

काकू आतून बाहेर आल्या. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि तुम्ही मुद्दाम माणूस बोलावताय?"

"तो बोलला तर बाकीच्यांवर लोक विश्वास ठेवतील," आबा म्हणाले.

मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. इतकी वर्षं शोकसभा करूनही ही गोष्ट मला कुणी इतक्या सरळ सांगितली नव्हती.

पुढच्या भेटीत गावाहून धाकटे भाऊ आले होते, नाना. त्यांनी आल्या आल्या तोफ डागली: हे परदेशी थेर आपल्याकडे कशाला, आणि मुलगा वेळेत पोचणार नाही तर टिटवं, अंत्ययात्रेपुढे न्यायचं ते मडकं, कोण धरणार? आबा म्हणाले, "तुझी वहिनी." नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू हे मीच शिकवलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की १८९० साली जोतीराव फुले गेले तेव्हा टिटवं घेऊन सावित्रीबाईच पुढे चालल्या होत्या, आणि भटजीशिवाय विधी करायचे हे सत्यशोधक समाजानं १८७३ पासून सांगितलंय, त्यात मेलबर्नचा काही संबंध नाही. नानांना ते पटलं असं म्हणता येणार नाही. पण आबांनीच तोड काढली. "अमरधामला गुरुजी बोलवा, दहा मिनिटं नानाची. त्याच्या वाटणीचं पाणी त्याला मिळायला पाहिजे." तेही मी लिहून घेतलं. असा विधी बांधायचा म्हणजे जुनं सगळं खोडायचं, असं काही जणांना वाटतं. मला वाटत नाही. अंगणात आबांचं, अमरधामला नानांचं, असं ठरलं.

संगीत नको, कविता नको. मग वाचायचं काय? आबांनी कपाटातून डायऱ्या काढायला लावल्या. सरकारी गेज रजिस्टर वेगळं, या त्यांच्या स्वतःच्या. त्यातलं पान त्यांनीच निवडलं.

मग एका पहाटे काकूंचा फोन आला. नेत्रदानासाठी सांगितलेलं सगळं त्यांनी आधीच केलं होतं: पंखा बंद, डोक्याखाली उशी, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं, त्यामुळे नेत्रपेढीला माझ्याही आधी कळवलं होतं. डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले. तो हातात नसेल तर अमरधामच्या नोंदीपासून सगळं अडतं. लेक पुण्याहून निघाली होती. नेत्रपेढीची माणसं येऊन गेली आणि ती पोचली, या मधल्या वेळात मी फोन करत बसले. मोटारवाल्या शेतकऱ्याला तेव्हाच फोन लावला. आबांनी बोलावलंय, आणि जे झालं तेच बोला असं सांगून गेलेत, एवढं बोलले. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "पत्ता सांगा."

अंगणात पन्नासेक माणसं. समोर खुर्च्या मांडायला निघालेल्या पोरांना मी थांबवलं. खुर्च्या मांडल्या की पहिली रांग तयार होते, आणि पहिल्या रांगेत कोण बसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीनं एक मोबाइल खिडकीत टेकवून ठेवला. मेलबर्नला तेव्हा दुपार झाली होती.

सुरुवात रात्रपाळीच्या मावशींनी केली. पाठ चेपताना आबा पगार वेळेवर मिळतो का विचारायचे, आणि त्यांना गुळाचा चहा लागायचा, एवढंच त्या बोलल्या. मग कालव्यावरचा जुना चौकीदार. मग तो शेतकरी पुढे आला. टोपी काढली, परत घातली.

"यांनी माझी मोटार नेली होती. माझा कांदा जळाला. त्या साली पोरीचं लग्न पुढं ढकललं म्या. लई शिव्या दिल्या यांना, आजही देतो." मागे कुजबुज झाली. नाना उठायला लागले, काकूंनी त्यांचा हात धरला. "पण त्या पाळीला टेलला पाणी पोचलं होतं. माझ्या मेव्हण्याचं रान तिकडंच आहे, त्यानं सांगितलं. पैसं घेऊन मोटार सोडली असती तर मी शिव्या दिल्या नसत्या, आणि इथं आलोही नसतो."

त्यानं नमस्कार केला आणि होता तिथे परत जाऊन उभा राहिला. त्याच्यानंतर एकाच्याही तोंडून 'मनमिळाऊ' आलं नाही. मुलगा फोनवरून बोलला तोही वडिलांशी झालेल्या भांडणाबद्दल. भावानं बोलताना आबांचा हट्टीपणा काढला, आणि लोक चक्क हसले. शेवटी लेकीनं डायरीचं पान वाचलं. "रब्बीची पहिली पाळी. गेट पहाटे उचललं. तिसऱ्या चारीवर दोघांची मारामारी, मिटवली. थंडी फार. टेलला पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. घरी भाकरी उरली नव्हती, हिनं परत चूल पेटवली." शेवटचं वाक्य काकूंना माहीत नव्हतं.

काकू टिटवं घेऊन चालल्या. अमरधामला गुरुजींनी दहाची पंधरा मिनिटं केली, पण नानांचा चेहरा बघून मी घड्याळ दाखवलं नाही.

दशक्रिया नानांनी गावी, नदीवर केली. मी त्यांच्या बोलावण्यावरून गेले होते, निवेदक म्हणून नाही. प्रवचन संपलं, पुढाऱ्यांनी उपरणी सारखी केली आणि नानांनी माइक हातात घेतला. "आबांचा नियम आहे, आधी मागचे बोलतील." मागून एक म्हातारी उठली, मग दोन सालगडी, मग शाळेतला शिपाई. चेअरमननी दोनदा मोबाइल बघितला. त्यांना अजून दोन दशक्रियांना जायचं होतं.